सहा इंचांचा कट्टा

‘एकदा भेटू या यार!’ गेल्या महिन्यात हे वाक्य तुम्ही किती वेळा टाइप केलंत? आणि त्यातल्या किती जणांना खरंच भेटलात? जाऊ दे, हिशोब करू नका, उगाच मूड जाईल. विशी संपत आली की मैत्रीचं असंच होतं. कोणी वाकडला, कोणी खराडीला, कोणी थेट बंगलोरला. कोणाचं रिलीज, कोणाचं ऑडिट, कोणाकडे रविवारी ‘बघायला’ येणार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला जातो, शनिवार की रविवार? चौघांची चार मतं पडतात आणि पोल तसाच वर सरकून दिसेनासा होतो.

बरं, भेट झालीच तरी काय होतं? एखाद्या महागड्या कॅफेत आपण समोरासमोर बसतो. ‘मग, काय चाललंय?’ हा प्रश्न येतो आणि प्रत्येक जण आपापला तिमाही अहवाल सादर करतो. नवा जॉब, नवी गाडी, स्पिती व्हॅलीची ट्रिप. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं तो मेन्यूकार्ड वाचत बसतो. शेवटी बिल येतं, चौघांत समान वाटलं जातं, आणि माझ्यासारखी फ्रीलान्सर, जिचं दोन महिन्यांपूर्वीचं मानधन अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे, मनातल्या मनात एक अख्खा लेख वजा करते.

आमच्या ग्रुपला यावर जो इलाज सापडला तो दोन हातांत मावतो. एक हॅण्डहेल्ड गेमिंग कन्सोल. हसू नका. गेमिंग म्हणजे अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून एकट्याने डोळे फोडायचे, असं तुमच्या आईसारखं तुम्हालाही वाटत असेल, तर पुढचं जरूर वाचा.

आधी पात्रपरिचय

मित्रमंडळींची खरी नावं देत नाही, नाहीतर ऑफिसात त्यांची वाट लागेल. मारिओ कार्टमध्ये जो जे कॅरेक्टर घेतो तेच त्याचं नाव. बाउझर म्हणजे गेममधला काटेरी पाठीचा, आग ओकणारा राक्षस. आमच्यातली बाउझर ही जेमतेम पाच फूट उंचीची सीए आहे. पीच म्हणजे गुलाबी फ्रॉकमधली राजकन्या. तो आमच्यातला सहाफुटी, दाढीवाला आर्किटेक्ट. योशी हा हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला, ग्रुपमधला सगळ्यात शांत प्राणी. आणि डोक्यावर मशरूमची टोपी घातलेला बुटका टोड म्हणजे मी.

2022 मध्ये बाउझरच्या भावाने सिंगापूरहून येताना तिच्यासाठी निन्टेन्डो स्विच आणला. हे मशीन मार्च 2017 मध्ये जगात आलं, तेव्हा भारत त्या देशांच्या यादीत नव्हता. त्यामुळे आपल्याकडे ते बहुतेक वेळा असंच कोणाच्या तरी बॅगेतून किंवा इम्पोर्टवाल्या दुकानातून येतं. सहा पूर्णांक दोन दशांश इंचांची स्क्रीन आणि तिच्या दोन बाजूंना दोन छोटे कंट्रोलर. त्यांना जॉय-कॉन म्हणतात. खरी गंमत इथे आहे. ते दोन्ही सरकवून काढायचे, आडवे धरायचे, झाले दोन जणांसाठी दोन कंट्रोलर. म्हणजे एकटीसाठी विकत घेतलेल्या मशीनमध्ये दुसऱ्याची सोय डब्यातच दिलेली असते. आणखी एक जोडी आणली की चौघांचं काम भागतं.

निन्टेन्डोने ऑक्टोबर 2016 मध्ये या मशीनची पहिली झलक दाखवली होती. त्या फिल्ममध्ये एक मुलगी खिडकीतून समोरच्या गच्चीवर जमलेले दोस्त बघते आणि स्विच उचलून तिथे पोचते. आमच्याकडे गच्चीला कुलूप होतं आणि चावी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. म्हणून आम्ही कर्वेनगरच्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेत बसलो. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर यावी म्हणून तिच्याखाली पोळ्यांचा डबा ठेवला. चार टोळकी डोकी एका वहीएवढ्या स्क्रीनमध्ये घुसली. एकमेकांच्या खांद्याला खांदे लागलेत, कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास येतोय, आणि स्क्रीनचे चार तुकडे होऊन प्रत्येकाच्या वाट्याला क्रेडिट कार्डाहून लहान चौकोन आलाय. त्या दिवशी पाच वाजता बसलेलो आम्ही साडेआठला उठलो. ‘काय चाललंय?’ हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

जिन्यातलं नेटवर्क

मला यातलं काही नवीन नव्हतं. माझं बालपण नाशिकला गेलं, लोडशेडिंगच्या दिवसांत. मी बारा-तेरा वर्षांची असताना आमच्या बिल्डिंगमध्ये तीन पीएसपी होते. त्यातला एक माझ्या आतेभावाचा, दुबईच्या काकांनी आणलेला. सोनीचं हे काळं, चकचकीत मशीन जपानमध्ये डिसेंबर 2004 मध्ये आलं आणि आपल्याकडच्या पोरांच्या हातात सावकाश झिरपत गेलं. वीज गेली की टीव्ही बंद, कम्प्युटर बंद, पंखा बंद. पीएसपी मात्र बॅटरीवर चालू. मग सगळी गँग दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात जमायची.

पीएसपीमध्ये ‘ॲड हॉक’ नावाचा मोड होता. त्याला इंटरनेट लागत नाही, राउटर लागत नाही. दोन मशीन्स जवळ आली की आपापसांत थेट बोलतात. ‘ॲड हॉक’चा मूळ लॅटिन अर्थ ‘याच्यासाठी’, म्हणजे या एका कामापुरतं. कॉलेजात ॲड हॉकवर नेमलेले प्राध्यापक असतात ना, तसं हे ॲड हॉक नेटवर्क. तेवढ्यापुरतं जमायचं, काम झालं की मोडायचं. एका पायरीवर एक, दुसऱ्या पायरीवर दुसरा, मध्ये कसलीही वायर नाही, आणि दोन्ही स्क्रीनवर टेकनची तीच मारामारी चाललेली. उरलेले आम्ही सगळे मागून मान घालून बघणार. हरला तो उठणार, पुढचा बसणार. ‘मुलींना काय जमणार’ असं म्हणणारा पहिल्या मजल्यावरचा एक दादा माझ्याकडून ओळीने तीनदा हरला आणि चौथ्यांदा त्याला अचानक क्लासची आठवण झाली.

या मोडची एक अट होती. जवळ असायला हवं. चार पायऱ्या जास्त उतरलं की नेटवर्क तुटायचं आणि मॅच रद्द. तेव्हा आम्ही त्या अटीला शिव्या घालायचो. आज मला वाटतं, सगळा फंडा त्या अटीतच होता. वीज आली की घराघरांतून टीव्हीचे आवाज सुरू व्हायचे, पण मॅच संपल्याशिवाय जिन्यातून कोणी हलायचं नाही.

ज्या मशीनला दोस्त लागतो

नंतर मासकॉमला असताना मी या मशीन्सचा इतिहास बराच चाळला (असाइनमेंटचं निमित्त होतं, खरं कारण टाइमपास). तेव्हा लक्षात आलं की हॅण्डहेल्ड बनवणारी मंडळी सुरुवातीपासून दुसऱ्या माणसाचा विचार करत होती. 1989 मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला. काळी-हिरवी स्क्रीन, रंग नाहीत, पण बाजूला एक सॉकेट होतं. त्यात लिंक केबल लावायची आणि दोन गेम बॉय जोडून दोघांनी टेट्रिस खेळायचं.

त्या केबलने सातोशी ताजिरी नावाच्या एका जपानी तरुणाचं डोकं चाळवलं. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता. केबलमधून एक किडा या मशीनमधून त्या मशीनमध्ये चालत जातोय, असं चित्र त्याच्या मनात आलं आणि त्यातून पोकेमॉन घडला. 1996 मध्ये जपानमध्ये तो एकदम दोन आवृत्त्यांत आला, लाल आणि हिरवी. काही पोकेमॉन फक्त लालमध्ये सापडतात, काही फक्त हिरवीत. सगळे हवे असतील तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र शोधा आणि केबल लावून अदलाबदल करा. इतकंच नाही, कदाब्रासारखे काही पोकेमॉन अदलाबदल झाल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत! कार्टून नेटवर्कवर पिकाचू बघत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एकट्याने पूर्णच करता येणार नाही असा खेळ त्याने मुद्दाम बनवला होता.

पुढे 2004 मध्ये निन्टेन्डो डीएस आला, केबल गेली आणि वायरलेस आलं. 2005 च्या मारिओ कार्ट डीएसमध्ये तर एकाकडे गेमची कार्ट्रिज असली तरी आजूबाजूचे सात जण आपापल्या डीएसवर तात्पुरता गेम उतरवून शर्यतीत घुसू शकायचे. अशा फुकट्या पाहुण्यांना कॅरेक्टर निवडायची मुभा नव्हती. सगळ्यांना एकच मिळायचं, मुखवटा घातलेला लाजरा शाय गाय. पण खेळायला मिळायचं! आपल्याकडे पंगतीत ऐनवेळी आलेल्याला सतरंजीच्या टोकावर का होईना, पान मांडून देतात, तसंच.

जपानमध्ये 2008 च्या सुमाराला पीएसपीवरच्या मॉन्स्टर हंटरने वेड लावलं होतं. चार शिकारी मिळून एका अवाढव्य प्राण्याशी लढायचं. घरी एकट्याने खेळून मजा नाही, म्हणून शाळकरी पोरं आणि टाय लावलेली ऑफिसवाली माणसं फास्ट फूडच्या दुकानांत टेबलं अडवून बसायची. एक ड्रिंक, चार पीएसपी. आपल्या अमृततुल्यात एक कटिंग घेऊन दोन तास बसणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटच्याला जास्त मिळतं

आता मारिओ कार्टबद्दल. आम्ही बाकीही गेम्स खेळून बघितले, पण टिकला हाच. कारण त्याचा एक नियम.

शर्यतीत बारा गाड्या असतात. रस्त्यात प्रश्नचिन्ह असलेल्या पेट्या लागतात. पेटी फोडली की काहीतरी हाती लागतं. पहिल्या नंबरवर असाल तर बहुतेक वेळा केळ्याचं साल नाहीतर एखादं नाणं. जितके मागे, तितकं मिळणारं जोरदार. अगदी शेवटी असाल तर बुलेट बिल मिळू शकतो. तो मिळाला की तुमची गाडीच तोफगोळा होते आणि गेम स्वतःच तुम्हाला बऱ्याच जणांच्या पुढे भिरकावून नेतो. नाहीतर वीज मिळते, ती पाडली की बाकी सगळे चिमुकले होतात. शिवाय ते प्रसिद्ध निळं कवच आहेच. मागच्याने सोडलं की ते सगळ्यांना ओलांडून थेट पहिल्या नंबरवाल्याच्या डोक्यावर जाऊन फुटतं. या मालिकेत ते 1996 च्या मारिओ कार्ट 64 पासून आहे आणि तेव्हापासून पहिल्या नंबरवाल्यांची झोप उडालेली आहे.

बाउझर सीए असल्यामुळे तिला हे सुरुवातीला अजिबात पटायचं नाही. ‘अरे, मी मेहनतीने पुढे आलेय, मला केळं आणि ह्या आळशाला रॉकेट? ही कसली सिस्टीम?’

‘प्रोग्रेसिव्ह टॅक्सेशन,’ पीच शांतपणे म्हणाला. ‘तूच शिकवलंस.’

पण विचार करा, आमच्या चौघांत हाच गेम का टिकला? कॉलेजात आमच्या चौघांच्या खिशात साधारण सारखेच पैसे असायचे, म्हणजे नसायचेच. नंतर पगार वेगवेगळे झाले. योशीचं पॅकेज माझ्या वर्षभराच्या कमाईच्या तिप्पट होतं. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण कुठे भेटायचं, काय मागवायचं, ट्रिपला यायचं की नाही, सगळीकडे ते आडवं येतं. पुष्कळ ग्रुप भांडणं होऊन फुटत नाहीत, असेच बिलाच्या कागदावर हळूहळू विरतात. इथे मात्र खेळून खेळून तयार झालेली बाउझर आणि आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरणारी माझी आई एकाच शर्यतीत बसू शकतात. हो, आई बसली होती. नाशिकहून आली होती, चहा द्यायला खोलीत आली आणि ‘मला बघू’ म्हणाली. स्मार्ट स्टिअरिंग चालू असलं की गेम गाडीला रस्त्याबाहेर पडू देत नाही. आईने बाराव्या नंबरवरून बुलेट बिल मिळवला, पाचवी आली आणि जाताना म्हणाली, ‘सोप्पंय की! उगाच ओरडत असता.’

तिसरा लॅप

जुलै 2023. बाहेर पाऊस धो धो, आत आम्ही रेनबो रोडवर. हा ट्रॅक अंतराळात तरंगतो. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, जरा चुकलं की खाली. मग लाकिटू येतो आणि उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतो. तिसरा लॅप चालू होता, चौघांचे डोळे स्क्रीनवर. योशी सातव्या नंबरवर होता. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

‘मला ऑफिसातून काढलंय. परवाच्या सोमवारला दोन आठवडे होतील.’

कोणी पॉझ दाबला नाही. सगळे एकदम त्याच्याकडे वळलो असतो, ‘काय? कसं काय? आता काय करणार?’ सुरू झालं असतं, तर मला खात्री आहे की तो ‘अरे काही नाही, होईल’ म्हणून गप्प झाला असता. कोणाचीच नजर हलली नाही. काही सेकंद नुसता गाड्यांचा आवाज. मग बाउझर म्हणाली, ‘बरं. पुढच्या वळणावर मी केळं टाकलंय, बघून जा.’

तो बघून गेला. मग पुढचं बोलला, तसाच, समोर बघत. त्या वर्षी आयटीमध्ये जगभर माणसं कमी केली जात होती. त्याच्या टीममधल्या सगळ्यांना एका दुपारच्या कॉलवर सांगण्यात आलं होतं. घरी त्याने सांगितलं नव्हतं. चिंचवडहून रोज नेहमीच्या वेळेला लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा, दिवसभर एका लायब्ररीत बसून अर्ज करायचा आणि संध्याकाळी ट्रॅफिकच्या वेळेला परत. फ्लॅट बुक केला होता, हप्ते सुरू झाले होते. बाबा रिटायर्ड.

शर्यत संपली. योशी नववा आला. पीचने काहीही न विचारता पुढची शर्यत लावली, मग त्यापुढची. त्या चार शर्यतींमध्ये तुकड्या-तुकड्याने सगळं बाहेर आलं. एका लॅपमध्ये हप्त्याचा आकडा, दुसऱ्यात बाबांची भीती, मध्येच ‘ए, कवच कोणी मारलं?’ आणि पुन्हा हप्ता.

कप संपल्यावर मात्र बाउझरने माझ्या टेबलावरचं एक जुनं प्रेस रिलीज उलटं केलं आणि पेन घेतलं. शिल्लक किती, हप्ता किती, विम्याचा प्रीमियम कधी, कोणती एसआयपी थांबवता येईल, बँकेशी काय बोलायचं. वीस मिनिटांत तिने आकडा काढला. ‘सात महिने. काही नाही मिळालं तरी सात महिने तू व्यवस्थित उभा आहेस.’ मी त्याचा सीव्ही मागून घेतला, कारण चार पानांचं एक पान करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पीचने त्याला तिथेच तालीम करायला लावली, घरी कसं सांगायचं याची. पीच बाबा झाला होता आणि भलताच कडक बाबा झाला होता.

योशीने त्याच रात्री घरी सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प बसले, असं तो म्हणाला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘मग इतके दिवस दुपारचं जेवत कुठे होतास?’

पाचव्या महिन्यात त्याला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी, ऑफिस घराजवळ. हे सगळं गेममुळे झालं असं मी म्हणणार नाही. नोकरी त्याने मिळवली, हिशोब बाउझरने केला. पण ते पहिलं वाक्य, जे तो दोन आठवडे जन्मदात्यांना सांगू शकला नव्हता, ते बाहेर पडायला त्याला असं ठिकाण लागलं जिथे माणसं अगदी खेटून बसलेली आहेत, पण कोणी तोंडाकडे बघत नाहीये. आपल्या आया-मावश्यांना हे कधीपासून माहीत आहे. शेंगा सोलताना, पापड लाटताना, मान खाली घालून त्या काय काय बोलून मोकळ्या होतात! मे महिन्यात मेंढीकोटचे डाव टाकताना मामा लोकांची जुनी भांडणं मिटलेली मी स्वतः पाहिली आहेत. हात कामात, नजर दुसरीकडे, मग जीभ सुटते. आपल्या पिढीच्या हातात शेंगा नाहीत. फोन आहे, पण तो प्रत्येकाचा वेगळा.

सर्व्हर बंद, गेम चालू

‘पण मग ऑनलाइन खेळा की, भेटायची कटकट कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. ऑनलाइनही खेळतो. पीच 2024 मध्ये जर्मनीला गेला. आता आमची संध्याकाळ असते तेव्हा त्याची दुपार. मारिओ कार्ट ऑनलाइन लावतो, फोन स्पीकरवर टाकतो. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण फोनवर तो बोलतो तेव्हा आम्ही ऐकतो. खोलीत असताना तो बोलायचा नाही तेव्हाही आम्हाला कळायचं. तो गप्प झाला की पाय हलवायचा, आणि तो पाय माझ्या खुर्चीला लागायचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑनलाइन खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि कंपनीला वाटेल तेव्हा तो सर्व्हर बंद होतो. डीएसची ऑनलाइन सेवा मे 2014 मध्ये बंद झाली. त्याच्या नंतरच्या थ्रीडीएसची एप्रिल 2024 मध्ये. त्या मशीन्सवरचे ऑनलाइन दोस्त एका तारखेला नाहीसे झाले. पण कपाटातून दोन जुने डीएस काढा, चार्ज करा, शेजारी-शेजारी बसा. मारिओ कार्ट आजही जोडलं जातं. गेम बॉयची केबल आजही चालते. जे दोन मशीन्समध्ये थेट होतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. जिन्यातलं आमचं पीएसपीचं नेटवर्क बंद करायला कोणी कंपनी आली नव्हती. आम्ही दहावीला गेलो, एवढंच.

जून 2025 मध्ये स्विचचा पुढचा अवतार आला. त्यात खेळता खेळता लांबच्या मित्राशी बोलता येतं, कॅमेरा लावला तर त्याचं तोंडही दिसतं. बाउझरच्या भावाला यादी गेलेली आहे. पण पीच गेल्या वेळी सुट्टीवर आला तेव्हा विमानतळावरून घरी जाऊन, आंघोळ करून, आईच्या हातचं जेवून तो दुसऱ्या दिवशी पाच वाजता कर्वेनगरला हजर होता. पोळ्यांचा डबा त्यानेच मांडला. तिसऱ्या शर्यतीत, समोर बघत, तो म्हणाला, ‘तिकडे जाम एकटं वाटतं रे.’ फोनवर आठ महिन्यांत हे वाक्य एकदाही आलं नव्हतं. कोणी पॉझ दाबला नाही.

तुम्हालाही जमवायचंय?

मग हे आमचे नियम, फुकटात घ्या.

मशीन महाग वाटत असेल तर जुनं बघा, किंवा ग्रुपमध्ये चौघांनी मिळून एक घ्या. एक असलं तरी पुरतं. तेही नको असेल तर कॅरम काढा, पत्ते काढा. अट एकच, सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे हवेत.

टीव्हीला जोडायची सोय असली तरी अधूनमधून छोट्या स्क्रीनवरच खेळा. टीव्हीसमोर माणसं सोफ्यावर पसरतात. सहा इंचांसमोर त्यांना जवळ यावंच लागतं.

पोल टाकू नका. वार आणि वेळ ठरवून टाका. आमचा रविवार, पाच वाजता. जो येईल तो येईल, दोघं असलो तरी खेळ होतो.

एक कप म्हणजे चार शर्यती, पंधराएक मिनिटं. त्यानंतर ब्रेक घ्या. फोन तोपर्यंत दुसऱ्या खोलीत.

कोणी खेळता खेळता काही महत्त्वाचं बोललं तर पॉझ दाबायचा नाही. त्याला बोलू द्या, तुम्ही गाडी चालवत राहा. कागद-पेन कप संपल्यावर.

आणि हो, चहा जिंकणाऱ्याने करायचा. हा नियम बाउझरने लिहून मागितला होता, तो फ्रिजवर लावलेला आहे. सध्या सगळ्यात जास्त चहा तीच करते.